पुढे वाका, श्वास धरा

पाकळीमामांना मेडिकल कॉलेजात दोन कामं असत. एक म्हणजे नव्या पोरांचे पांढरे ॲप्रन शिवून देणं, आणि दुसरं म्हणजे वर्षातून एकदा परीक्षेच्या दिवसांत उघड्या छातीनं वॉर्डातल्या पलंगावर पडून राहणं. पहिल्या कामावर त्यांचं पोट चाले. दुसऱ्यावर त्यांची मान ताठ असे.

त्यांचं हृदयच तसं होतं. तुमच्याआमच्या हृदयातून अंगभर रक्त जिथून निघतं, त्या तोंडाशी एक झडप असते आणि तिला तीन पाकळ्या असतात. मामांच्या झडपेला जन्मापासून चार. असा माणूस दहा-दहा हजारांत एखादा सापडायचा. चार पाकळ्या मधोमध नीट मिटत नाहीत, बारीक फट राहते आणि पुढे ढकललेलं रक्त त्या फटीतून थोडं थोडं मागं गळतं. हे कळलं तेही गमतीत. चौतिसाव्या वर्षी मामा होस्टेलात ॲप्रनची मापं घेत होते, तेव्हा एका पोरानं नवं नवं शिकलेलं दाखवायला म्हणून त्यांचं मनगट धरलं, तर नाडी बोटाखाली उड्या मारत होती. पोर धावत सरांकडे गेलं, सर धावत आले, आणि महिनाभरात मामा त्या इमारतीत प्रसिद्ध झाले. सरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "यात काय एवढं? घागऱ्याला तीन कळ्यांच्या जागी चार लावल्या की मध्ये भोक राहणारच. कटिंग चुकलंय." सर पोट धरून हसले. पाकळीमामा हे नाव त्या दिवशी पडलं आणि मूळ नाव पुढे त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.

परीक्षेची रीत अशी. विद्यार्थी पेशंटजवळ येतो, वीस मिनिटं तपासतो, मग परीक्षक येऊन विचारतात, काय सापडलं? पेशंटनं आपला आजार सांगायचा नाही, तोंडाला कुलूप. आता मामांच्या गळतीचा आवाज म्हणजे कुणी दुरून फुंकर घालावी इतका हलका. आडव्या माणसाच्या छातीला लाख कान लावा, हाती काही लागत नाही. त्याला उठवून बसवायचं, पुढे वाकवायचं, श्वास पूर्ण सोडून धरून ठेवायला सांगायचं आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप दाबायचा. मग तो येतो. ज्याला ही युक्ती आठवली तो सुटला, ज्याला नाही आठवली त्याच्या कपाळावर घाम.

मामांना तो घाम बघवत नसे. दुसऱ्याच वर्षी एका रडवेल्या पोराला ते हळूच म्हणाले, "मला पुढे वाकव की रे." पुढच्या वर्षी त्याहून थोडं जास्त बोलले. आणि मग जीभ एकदा सैल झाली ती झालीच. "चार पाकळ्या. गळती. नाडी बघ, उड्या मारते. नखं बघ. त्यांची लाली ठोक्यागणिक येतेजाते. आणि सरांना सांग, खात्रीसाठी इको करावा लागेल." इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हेही तेच समजावत. दरवर्षी दोनतीन जणांना त्यांनी असं पैलतीराला लावलं. घरी येऊन फुशारकीनं सांगत, "आज दोन डॉक्टर केले." त्यांची एकुलती एक मुलगी ठकी तेव्हा लहान होती, टाळ्या वाजवायची. मामी तेवढी म्हणायची, "कपडे शिवा म्हणावं, डॉक्टर कसले शिवताय."

त्यांनी शिवलेल्या डॉक्टरांपैकी एक त्यांच्या फारच जिव्हाळ्याचा. तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसला होता आणि स्टेथोस्कोप मामांच्या छातीवर नुसता इकडून तिकडे फिरवत होता. "मामा, या वेळी गेलो तर बाप दारात उभा करणार नाही," म्हणाला. मामांनी सगळं सांगितलं. अगदी ओळीनं, सर काय विचारतील आणि त्यावर काय बोलायचं, तेसुद्धा. तो पास झाला. पुढे त्यानं मामांच्या दुकानापासून चार दारं सोडून दवाखाना टाकला, त्याचे पडदे मामांनीच शिवले, आणि गल्लीत कुणाला शिंक आली तरी मामा त्याला तिकडे पिटाळत. "आपला डॉक्टर आहे," म्हणत. त्या 'आपला'वर असा काही जोर असे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलाय.

ठकी मोठी झाली, पार्सलच्या कंपनीत लागली. दिवसभर स्कूटर आणि जिने. नाव ठकी, पण बापासारखीच कुणालाही ठकवता न येणारी आणि बापासारखीच बडबडी. तीन वर्षांपूर्वी, ती अठ्ठावीसची असताना, सरांनी परीक्षेच्या जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून विचारलं होतं, "मामा, मुलीचा इको केला होता का कधी?"

"तिला काय धाड भरलीय?"

"तसं नाही. क्वचित हे घराण्यात उतरतं. एकदा करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम खरं, पण त्याआधी रांग, कागद, पुन्हा रांग. मामा म्हणाले, आपला डॉक्टर असताना रांगेत कशाला मरायचं? संध्याकाळी ठकीला घेऊन गेले.

ती संध्याकाळ मामांना पुढे कितीदा आठवली त्याला गणती नाही. आपल्या डॉक्टरनं ठकीला समोर उभी केली. शर्टावरूनच स्टेथोस्कोप ठेवला, इथे, तिथे, पाठीवर, मोजून दहा सेकंद. बाहेर खोकणाऱ्यांची रांग होती. "घोड्याचं हृदय आहे हिचं," तो हसत म्हणाला. "मामा, सरांना काय, मोठ्या हॉस्पिटलात बसून इको सांगणं सोपं आहे. उगाच पोरीच्या मनात भीती."

त्यानं तिला बसवलं नव्हतं. पुढे वाकवलं नव्हतं. श्वास धरायला सांगितलं नव्हतं. हे मामांच्या लगेच लक्षात आलं होतं, कारण जगात ही एकच गोष्ट त्यांना डॉक्टरांइतकी येत होती. जिभेच्या टोकावर शब्द आले होते, तिला पुढे वाकव की रे. पण ठकी समोर होती, कंपाउंडर दारात होता, डॉक्टरची खुर्ची आता मोठी झाली होती. आपण ज्याला वर चढवला त्याला चारचौघांत खाली कसा ओढायचा? मामा गप्प बसले. इतकी वर्षं जिथं बोलू नये तिथं बोलले, आणि जिथं बोलायचं तिथं माणसानं मूग गिळले.

वर्षभरानं ठकीला त्रास सुरू झाला आणि पुढची दोन वर्षं ती आपल्या डॉक्टरच्या गोळ्या खात होती. धाप लागते म्हटलं की रक्त कमी. छातीत धडधडतं म्हटलं की पित्त. रात्री आडवं पडलं की गुदमरतं, उशा वाढवाव्या लागतात म्हटलं, तर म्हणाला, "फोन कमी बघ." ठकीही हसण्यावारी न्यायची. "बाबा, गावातले जिने वाढलेत," म्हणायची, "पूर्वी तिसरा मजला इतका उंच नव्हता." एक दिवस त्याच तिसऱ्या मजल्यावर पार्सल छातीशी धरून ती पायरीवर बसली आणि उठली नाही. ज्यांचं पार्सल होतं त्यांनीच तिला हॉस्पिटलात पोचवलं.

सरांनी स्वतः इको केला. मामा पडद्याबाहेर उभे होते. सर बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड बघूनच मामा समजले.

"चार?" मामांनी विचारलं.

"चार. पण तुमच्या चारही सारख्या आहेत मामा, म्हणून तुमचं निभावतंय. तिच्या तीन मोठ्या आणि एक आखूड. फट मोठी आहे. कित्येक वर्षं रक्त मागं येतंय. ते सांभाळता सांभाळता हृदय फुगलंय आणि आता त्याचा स्नायू थकलाय."

"मग झडप बदला ना. बदलतात की. तुम्हीच मला सांगत होतात, गरज पडली तर बदलू म्हणून."

"दोन वर्षांपूर्वी आली असती तर हसत आत गेली असती आणि हसत बाहेर आली असती." सर चष्मा पुसत राहिले. "आता आधी औषधांनी जरा सावरते का बघू. सावरली तर ऑपरेशन करू, पण टेबलावरून उठेल अशी खात्री मी देणार नाही. त्या दिवशी मी सांगितलं तेव्हा इको केला नव्हतात का?"

"आपल्या डॉक्टरला दाखवलं होतं," मामा म्हणाले.

तिथून ते तडक दवाखान्यात गेले. रांगेतल्यांना ओलांडून आत शिरले. आपल्या डॉक्टरचं डोकं फोडायचं एवढंच मनात होतं, आणि हातात नेमकी दुकानाची छत्री होती. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं आणि खाली बघत म्हणाला, "मामा, मला तो आवाज ऐकूच येत नाही."

"कुठला?"

"तो गळतीचा. परीक्षेतही आला नव्हता. तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं. त्यानंतर कुणी विचारलंच नाही. मी सगळ्यांनाच म्हणतो, हृदय चांगलं आहे. बहुतेकांचं असतंच." तो रडत नव्हता, हात जोडत नव्हता. किती वर्षांनी कुणाला तरी खरं सांगितलं याचं त्याला जरा हलकंच वाटत असावं, आणि त्याचाच मामांना जास्त राग आला. "तुम्ही त्या दिवशी मला नापास होऊ द्यायला हवं होतं," तो म्हणाला.

मामांनी छत्री उचलली नाही. ती मारायची तर आधी कुणाला मारायची, हाच प्रश्न होता. दार उघडून, पडदा बाजूला सारून ते बाहेर पडले. पडद्याची शिवण मात्र अजून पक्की होती.

घरी मामीनं विचारलं, "तुमच्या आपल्या डॉक्टरला सांगितलंत का? त्याची कुठे ओळख असेल तर बघा म्हणावं." मामा "हो" म्हणाले. त्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

महिना गेला. ठकी वॉर्डातच होती, उशांच्या ढिगाला टेकून, पायांवर सूज, पण तोंड चालू. ऑपरेशनचं ठरत नव्हतं. आज जरा बरी म्हणत, उद्या पुन्हा फुप्फुसात पाणी साचलंय म्हणत. त्यातच परीक्षा आली. मामांनी आधीच सरांना सांगून टाकलं, "या वर्षी मी नाही."

"तुमची तशी गरजही नाही मामा," सर म्हणाले. "तुम्ही आता पोरांना पाठ झालात. मी विचारणारच होतो, ठकी बसेल का? बापाला आणि मुलीला, दोघांनाही चार पाकळ्या असणं, मामा, बाहेरच्या परीक्षकांनी आयुष्यात पाहिलं नसेल." बोलून गेल्यावर सरांचा आवाज जरा खाली आला. "तिला झेपेल तेवढंच. एकच विद्यार्थी देऊ."

मामा नाही म्हणणार होते. पण पलंगावरून ठकीच ओरडली, "बसणार! बाबांची गादी दुसऱ्या कुणाला देणार?" आणि एवढ्यावरच तिला दम लागला.

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला एक मुलगी आली. वेणीत पेन खोचलेलं, ॲप्रन मामांच्याच हातचा, काखेत किंचित घट्ट. मामा बाजूच्या स्टुलावर बसले होते. नातेवाईक म्हणून त्यांना कुणी उठवलं नाही. मुलीनं नाव, वय, धाप कधीपासून, सगळं विचारलं. नाडी धरली. उशांना रेललेल्या ठकीच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, हलवला, पुन्हा ठेवला. घड्याळ बघितलं. कपाळावर तो घाम आला. मामांनी तो घाम अठ्ठावीस वर्षं पाहिला होता. या वेळी त्यांनी दात घट्ट मिटले आणि खिडकीकडे तोंड केलं.

तेवढ्यात मागून कुजबुज ऐकू आली. ठकीचा आवाज, लाडिक, चोरटा, थेट त्यांचाच.

"अगं, चार पाकळ्या. गळती. नखं बघ. सरांना सांग, खात्रीसाठी इको करावा लागेल."

मुलीचा चेहरा उजळला. वेणीतलं पेन निघालं आणि कागदावर भराभरा धावू लागलं. ठकीनं बापाकडे बघून डोळा मारला. लहानपणी टाळ्या वाजवायची तशी सगळी खुशी तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर होती. आज एक डॉक्टर केला!

सर आले, बाहेरचे दोघं आले. मुलीनं घडाघडा सांगितलं. "आवाज ऐकू आला?" "हो सर." "छान." सरांनी कागदावर खूण केली आणि वळले. मामा स्टुलावरून उठले.

"सर, हिला नापास करा."

सगळे थांबले. मामा बोलतच राहिले. "हिला काही ऐकू आलेलं नाही. ठकीनं सांगितलं. जसं मी सांगत होतो. दरवर्षी मी सांगत होतो, सर. आपल्या डॉक्टरलाही मीच सांगितलं. त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं."

ठकीचा चेहरा उतरला. तिनं बापाकडे बघितलं, मग आपल्या छातीकडे. ती हुशार होती. तिला फार समजावून सांगावं लागलं नाही.

सरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना चार पावलं बाजूला नेलं. "मामा, तुम्ही सांगता हे मला ठाऊक नाही असं वाटलं तुम्हाला? सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. पेशंटशी गोड बोललं की पेशंट सांगतो, हेही एक शिक्षणच आहे. आणि आता कानांनी ऐकतंय कोण? इको असतो की."

"इकोला पाठवायला आधी कुणाला तरी ऐकू यावं लागतं ना, सर."

पुढच्या पलंगावर दुसरा विद्यार्थी ताटकळला होता. बाहेरच्या परीक्षकांनी घड्याळ बघितलं. कागदावरची खूण तशीच राहिली आणि मंडळी पुढे गेली.

मुलगी सामान आवरत होती, मान खाली घालून. मामांनी तिच्या ॲप्रनची बाही धरली. "बाळ, तू पास झालीस. आता तुझं काही जात नाही. इकडे ये आणि ऐक."

"मामा, मला जाऊ द्या..."

"ऐक म्हणतो ना!" वॉर्डातली डोकी वळली. मामांनी ठकीच्या पाठीमागे हात घालून तिला उठवलं. ती कापसासारखी हलकी लागली. "ठके, पुढे वाक. अजून. आता श्वास सोड सगळा. धर." मग मुलीचा हात धरून त्यांनी स्टेथोस्कोप नेमक्या जागी, हाडाच्या डाव्या कडेला, टेकवला. "दाब. आला? फुंकर घातल्यासारखा. आला?"

मुलीनं डोळे मिटले. "नाही..."

"पुन्हा. ठके, श्वास घे. आता सोड. धर."

ठकीनं धरला. ओठ निळसर झाले, मानेची शीर उडत होती, बोटं चादरीत रुतली होती. एक, दोन, तीन, चार. तिला सुटका हवी होती पण ती बापाकडे बघत होती आणि सोडत नव्हती.

"आला का गं?" मामांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात आता हुकूम नव्हता, पदर पसरणं होतं.

मुलीनं डोळे उघडले. समोर ठकीचा चेहरा होता.

"हो," ती घाईनं म्हणाली. "हो हो, आला. सोडा त्यांना, आला."

ठकीनं श्वास घेतला, खोकली आणि उशांवर कोसळली. मुलीनं स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, दोघांना नमस्कार केला आणि जवळजवळ पळत वॉर्डाबाहेर गेली. मामा ठकीची पाठ चोळत राहिले. असला "हो" त्यांनी आयुष्यात खूप ऐकला होता. दरवर्षी दोनतीनदा, याच वॉर्डात.

"बाबा," दम परतल्यावर ठकी म्हणाली, "खरंच आला का तिला?"

मामांनी तिच्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "आला."